मी पायऱ्यांना बधले नाही

मित्रांनो, मला कोणी बांधलेलं नाही. म्हणूनच कोणाला मला मोडताही आलं नाही. मी भैरोबाच्या रानातली वाट. राहुरीहून धरणाकडे आलात की पाण्याच्या कडेला झाडीनं भरलेली एक टेकडी दिसते. तिच्या अलीकडे आमची वाडी, पलीकडे डांबरी सडक, आणि दोन्हींच्या मध्ये टेकडीच्या पाठीवरून गेलेली मी.

माझा जन्म शेळ्यांच्या खुरांतून झाला. शेळी चढाला छातीनं भिडत नाही, ती तिरकी चालते. तिच्यामागून गुराखी आले, मग देवाला पाण्याचा तांब्या नेणाऱ्या बायका आल्या. धावड्याला वळसा, पळसाखालून चढ, खडकापाशी थोडा दम, अशी मी हळूहळू घडले. माथ्यावर भैरोबाचं ठाणं आहे. त्याच्या रानात कुऱ्हाड न्यायची नाही आणि पायांत वहाण घालायची नाही, हा पूर्वीपासूनचा नेम. अनवाणी पावलांनी मला जे मऊपण दिलं, ते मी अजून जपून आहे.

एकाहत्तरच्या सुमारास धरणात पाणी साठू लागलं आणि खालचा गाडीरस्ता बुडाला. वाडीत खरा समुद्र कोणी पाहिलेला नव्हता. लोक काठावर उभे राहून एकमेकांना सांगायचे, “घ्या, बिनमिठाचा समुद्र आला आपल्या दारी!” पण दुधाची गाडी थांबायची पलीकडच्या सडकेवर. रस्ता नाही म्हटल्यावर गवळ्यांनी सायकली माझ्यावर घातल्या. वाडीकडून माथ्यापर्यंत ढकलत न्यायच्या, आणि माथ्यावरून सडकेपर्यंत बसून उतरायच्या. किटल्यांचा खणखणाट, ब्रेकची किंकाळी आणि वळणावर “बाजूला व्हा!” अशी आरोळी. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

काहींना ते खपलं नाही. देवाच्या रानात चाक कसं चालेल, असा वाद निघाला. तेव्हा केशरबाई बोलल्या. या वाडीतल्या मोठ्या बागायतदाराच्या, काकासाहेबांच्या आई. रोज पहाटे अंघोळ करून तांब्या घेऊन माझ्यावरून देवाला जायच्या आणि देवाला पाणी घातल्याशिवाय तोंडात घास घालायच्या नाहीत.

“चाकाला वहाण हाय का?” त्यांनी विचारलं.

“न्हाई की.”

“मग ते अनवानीच हाय. जाऊ द्या त्याला.”

वाद तिथंच मिटला.

पुढच्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं. धरणाचं पाणी ओसरलं, पण खालच्या रस्त्यावर गाळ बसला तो बसलाच. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडायला गेली. तिथं सहादेव गवळ्याच्या पायावर दगड पडला. तो अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याची बायको बायडाबाई हिनं सायकल हाती घेतली. घरात दूध हीच एक आवक होती. गाडी चुकली की त्या दिवसाचं दूध नासलं.

पाय जरा बरा झाल्यावर सहादेव काठी टेकत माथ्यावर बसून तिला शिकवायचा. “अगं, खाली बघू नको, फुडं बघ!” ती नऊवारीचा काचा घट्ट मारून बसायची आणि पडायची. पडली की आधी किटली बघायची, मग गुडघा. बाकीचे गवळी हसायचे. “वहिनी, सायकल शिकताय का रान नांगरताय?”

“नांगरतीया,” ती कपाळावरची माती पुसत म्हणायची, “तुमी बी या पेरायला.”

चार जण हसले, पण ती सायकल शिकली, आणि समोरून आली की वाट सोडली ती त्यांनी. तिनं नाही.

त्याच दुष्काळात काकासाहेबांनी भैरोबापुढं सगळ्यांदेखत नवस केला. पाऊस पाड देवा, पायथ्यापासून माथ्यापर्यंत दगडी पायऱ्या घालीन. त्र्याहत्तरला पाऊस झाला. काकासाहेब शब्दाचे पक्के. त्यांनी गवंडी आणले. दगड घडवणारे हात तर दुष्काळी कामानं घरोघरी तयार करून ठेवले होते. झाड तोडायचं नाही, मग पायऱ्यांना मोकळी जागा एकच होती, माझी पाठ.

बायडाबाई हात जोडून म्हणाली, “काकासाहेब, पायऱ्या घाला. देवाचं काम हाय, माझी ना न्हाई. फक्त कडंला चाकापुरती जागा सोडा.”

“नवसाची पायरी अर्धी नसती, बाई. देवाला काय सांगू, दुधासाठी कमी केली म्हनून?”

आणि पायऱ्या झाल्या. नवसाच्या म्हणून चांगल्या उंच, झाडापासून झाडापर्यंत भरलेल्या. लोकांनी नारळ फोडले. मी दगडांखाली गुदमरून पडले होते. मित्रांनो, देवाच्या नावानं केलेलं सगळंच देवाला हवं असतं, असं तेव्हाही मला वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

दुसऱ्या सकाळी बायडाबाई भरल्या किटल्यांसह आली. सायकल उचलून एक पायरी चढली, दुसरी चढली. तिसरीला किटली कलंडली आणि दूध पायऱ्या पायऱ्यांनी खाली गेलं.

“वा! देवाला अभिषेक घातला वहिनींनी,” मागून कोणीतरी म्हणालं. त्या दिवशी पलीकडून गाडीचा भोंगा वाजला आणि विरून गेला. ती रिकामी किटली मांडीवर घेऊन तिथंच बसून राहिली.

पण मी बसले नाही! पायऱ्यांच्या डावीकडं करवंदीच्या जाळीतून शेळ्यांची एक चिंचोळी फट होती. दुसऱ्या दिवशी ती तिथं थबकली आणि मी तिच्या पायांखाली आले. तिनं चाक आत घातलं. एक डहाळीही मोडली नाही. काटेरी फांद्या लुगड्याच्या चिंध्यांनी मागं बांधल्या आणि हात ओरबाडून घेत माथ्यावर पोचली. गाडी मिळाली. मग दुसरे गवळी आले, मग तांब्यावाल्या बायका. थोड्याच दिवसांत जाळीत माती उघडी पडली. दगडांखाली होती ती माझी जुनी कात, मी जाळीत होते.

काकासाहेबांना झोप लागेना. “पायऱ्यांवरून कोनीच चाललं न्हाई, तर देव म्हनंल, नवस फिटलाच न्हाई!” भीती खरी होती, मी हसणार नाही तिला. पण त्यांनी केलं काय, तर माझ्या तोंडाशी बाभळीच्या काट्या रचल्या. पहाटे स्वतः पहाऱ्याला उभे राहिले.

बायडाबाई आली आणि काट्यांपुढं थांबली. “काकासाहेब, गाडी जाईल हो.”

“पायऱ्यांनी जा.”

“दूध सांडतं.”

“सांडू दे. देवाच्याच दारात सांडतंय.”

एवढ्यात केशरबाई तांब्या घेऊन आल्या. पहिल्या पायरीवर त्यांनी पाऊल ठेवलं, गुडघ्याला हात लावला आणि पाऊल मागं घेतलं. मग सरळ काट्यांकडं निघाल्या. अनवाणी.

“आई, काटे हायेत! पायऱ्यांनी ये ना. त्या तुझ्यासाठी बी केल्यात की!”

“देवासाठी केल्यास म्हनला व्हतास,” म्हातारी शांतपणे म्हणाली. “त्याला चढू दे. माझे गुडघे काय देवाचे न्हाईत.” आणि त्यांनी पाऊल उचललं.

“थांब आई, थांब!” काकासाहेबांनी धावत जाऊन उघड्या हातांनी काट्या ओढायला सुरुवात केली. तळहातांतून रक्त आलं तरी थांबले नाहीत. सगळं साफ झालं तेव्हा केशरबाई म्हणाल्या, “आज फिटला बघ तुझा नवस.” आणि बायडाबाईकडं वळून, “तू हो फुडं. देव थांबंल, गाडी न्हाई थांबायची.”

बायडाबाईनं सायकल ढकलली. ती एका जागी अडली, तेव्हा मागून एका हातानं आधार दिला. तो हात रक्ताळलेला होता. माथ्यावरून ती सुटली ती वळणं घेत, एकदाही ब्रेक न किंकाळता, आणि भोंगा वाजायच्या आत सडकेवर उभी राहिली.

मित्रांनो, तुम्हीही सायकली घेऊन या. मी नाही म्हणणार नाही. ओल्या मातीत चाक घासू नका, वळण चुकवून सरळ खाली उतरू नका, नाहीतर पाणी तुमच्या मागोमाग उतरून मला चिरत नेईल. झाडाला हात लावू नका, वाटेत म्हातारं माणूस दिसलं की उतरा. एवढं पाळलंत तर मी तुम्हाला जन्मभर पुरेन. फक्त मला सजवायला येऊ नका. आणि कोणी माझ्यावर पुन्हा दगड रचायला आलंच, तर खुशाल रचा. तुमचा शेवटचा दगड बसेपर्यंत मी शेजारच्या जाळीतून माथ्यावर पोचलेली असेन.