शनिवारी गाड्या उभ्या राहिल्या

"वहिनी, मोऱ्या आहे ना घरात? अर्जंट आहे यार," चारुदत्त भाऊजी दारातच बुटांवरचा बर्फ झटकत म्हणाले. काखेत लॅपटॉप.

आहे ना! जाणार कुठे? गुरुवारी तुम्हीच तर त्याला नोकरीवरून काढलंत आणि एका खोक्यात त्याचा कप नि स्वेटर घालून घरी पाठवलंत. हे सगळं मनातल्या मनात. तोंडाने मी "या" म्हटलं, कारण तसं वळण लागलंय आपल्याला. जळो ते वळण!

भाऊजी माझ्या नवऱ्याचे, मोरेश्वरचे बॉस. गणपतीला आमच्याकडे येऊन मोदक हादडणार आणि इथे अमेरिकेत, नेपरव्हिलमध्ये मराठी माणसानेच मराठी माणसाला धरून राहायला हवं, असं मंडळात भाषण ठोकणार.

वृद्धाश्रमांना जेवण पोचवणाऱ्या एका कंपनीचे सर्व्हर मोरेश्वर सांभाळायचा. कुठल्या गाडीने कुठे जायचं, कुणाला मीठ चालत नाही, कुणाला साखर, याची रोजची छापील पानं पूर्वी माणसं पहाटे बसून काढायची. मोरेश्वरने त्यासाठी स्क्रिप्ट लिहिल्या. म्हणजे काम कंप्युटरला एकदा नीट लिहून द्यायचं, मग तो ते रोज आपलं आपण करतो. फक्त ते कुणाच्या तरी खात्यावर चालावं लागतं. कंपनीने वेगळं खातं दिलं नाही, म्हणून सगळं मोरेश्वरच्याच खात्यावर चालायचं. शुक्रवारी ते खातं बंद केलं आणि शनिवारी पहाटे एकही पान निघालं नाही. गाड्या जागच्या जागी उभ्या.

"ग्लेन भडकलाय," भाऊजी खुर्ची ओढत म्हणाले. ग्लेन म्हणजे त्यांचा साहेब. "तो म्हणतो, मोऱ्याने जाताना मुद्दाम काहीतरी बिघडवून ठेवलं. सॅबोटाज. लीगलला फोन करणार होता. मीच थांबवलं त्याला."

मोरेश्वरचा चेहरा पांढराफटक पडला. आधीच व्हिसावर राहणारा माणूस, नोकरी गेलेली. त्यात असला आळ नावावर आला तर दुसरीकडे कोण उभं करणार त्याला?

"तू फक्त फिक्स कर," भाऊजी म्हणाले. "बाकी मी बघतो."

"चारू, मी वेगळं खातं मागत होतो. दरवर्षी, तुझ्याकडे. चाललंय ना, चालू दे, असं तूच म्हणायचास. हे सांगितलंस त्याला?"

"आता तो विषय कशाला काढतोस?"

"आधी ते सांग. मग करतो."

भाऊजींनी चडफडत फोन लावला, स्पीकरवर. "ग्लेन, ही इज कोऑपरेटिंग. देअर वॉज सम कन्फ्यूजन."

कन्फ्यूजन! माझं डोकंच फिरलं. या देशात माझं इंग्लिश काउंटरवरच्या प्लीज आणि थँक यूच्या पुढे कधी गेलं नव्हतं.

"नो कन्फ्यूजन!" मी ओरडले. "माय हजबंड आस्क्ड सेपरेट अकाउंट! एव्हरी इयर! धिस मॅन सेड नो! आणि आता खापर त्याच्या डोक्यावर फोडताय?" शेवटचं मराठीत गेलं. जाऊ दे.

"हू इज दॅट?"

"हिज वाइफ!"

ग्लेनने विचारलं, "चारू, इज दॅट ट्रू?"

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं, मोरेश्वरकडे पाहिलं. "येस," ते इतकं हळू म्हणाले की ग्लेनने पुन्हा विचारलं, आणि त्यांना पुन्हा म्हणावं लागलं.

"ओके. सो फिक्स इट."

झालं! माणसाला गुन्हेगार ठरवायचं आणि मग नुसतं ओके! मी फोनवर झडप घालणार, तेवढ्यात मोरेश्वरने माझं मनगट धरलं.

"नीलांबरी, तिकडे म्हातारी माणसं उपाशी आहेत."

मला त्याचाही संताप आला.

"नवीन खातं उघड," त्याने भाऊजींना सांगितलं. ते निमूट टाइप करू लागले आणि नावाच्या चौकटीपाशी अडले.

"कुणाचं नाव देऊ? माझं देऊ?"

"माणसाचं नको," मोरेश्वर म्हणाला. "कामाचं दे. माणसं तुम्ही लोक काढून टाकता."

भाऊजींनी मान वर केली नाही. मोरेश्वर एकेक गोष्ट सांगत गेला आणि ते करत गेले. थोड्या वेळाने स्पीकरवर ग्लेनचा आवाज आला. पानं निघाली होती, गाड्या भरायला घेतल्या होत्या. "थँक्स, चारू," असं म्हणून त्याने फोन ठेवला.

"चहा नको हं वहिनी, निघतो."

"मी विचारलाच नव्हता," मी म्हटलं.

घरापुढच्या ड्राइव्हवेत त्यांची गाडी बर्फात रुतली. चाकं जागच्या जागी गरगरायला लागली तसा मोरेश्वर टोपी घालून उठला.

"जाऊ नकोस," मी म्हटलं. "रुतू दे मेल्याला."

तो गेला. फावड्याने चाकांमागचा बर्फ काढू लागला. भाऊजींनी काच खाली करून काहीतरी म्हटलं, पण याने मान वर केली नाही. गाडी निघून गेली तरी त्याचे हात थांबेनात. मी घरातल्या चपला तशाच घालून बाहेर धावले.

"पुरे ना रे. आत चल."

"सॅबोटाज म्हणाले गं मला," तो म्हणाला, आणि बर्फ ओढत राहिला.