अंगठ्याच्या ठशाची खापरी

मी खापरी बोलतेय. तळहातावर मावेन एवढीच. एके काळी मी अख्खं मडकं होते, निळ्या मक्याच्या कण्या शिजवायचं. ज्या बाईनं मला घडवलं तिनं मातीच्या वळ्या एकावर एक चढवल्या आणि प्रत्येक वळी अंगठ्यानं दाबली. त्यातला एक ठसा माझ्या वाट्याला आला. मडकं फुटलं, तशी मी भिंतीच्या पायथ्याशी पडले आणि आठशे वर्षं तिथंच पडून राहिले.

पडून, पण एकटी नाही. पठारावरच्या या घरांना सरकारनं कुंपण घातलं, पाटी लावली, की इथले लोक गाव सोडून गेले. सिप्रियानो ती पाटी वाचून रोज हसायचा. तो खालच्या पुएब्लो गावचा, इथल्याच मूळ रहिवाशांच्या वंशातला, या भिंती दुरुस्त करणारा गवंडी. सकाळी आल्यावर चिमूटभर मक्याचं पीठ टाकायचा, आम्हाला हाक मारायचा, मगच थापी हातात घ्यायचा. पाहुण्यांना सांगायचा, "सोडून कोण गेलंय? घरातच आहेत. तुम्हीच दार न वाजवता आत आलात."

इथले सरकारी साहेब म्हणायचे सिमेंट भर, दरवर्षीची कटकट मिटेल. तो ऐकायचा नाही. त्याचं म्हणणं, मातीचा गारा दरवर्षी सुटतो म्हणून तर आपण दरवर्षी इथं येतो.

एकदा धाकट्या भावाला, फाउस्तीनला, घेऊन आला. मला त्याच्या हातात दिलं आणि त्याचा अंगठा धरून माझ्या ठशात टेकवला. अगदी बसला. "आजी आहे ही आपली," तो म्हणाला. "भेटलास ना? आता ठेव."

गेल्या उन्हाळ्यात घाटाच्या वळणावर सिप्रियानोची गाडी उलटली, त्यात तो गेला. आठवडाभरानं फाउस्तीन एकटाच वर आला, पीठही न घेता. त्यानं मला उचललं, खिशात टाकलं आणि पळत सुटला.

मला इतक्या वर्षांत कुणी नेलं नव्हतं. खिशात किल्ल्या टोचायच्या. गाडी चालवताना, जेवताना, कुणी बोलत असताना तो सारखा अंगठा माझ्यात रुतवायचा. त्यालाही चैन नव्हतं, मलाही.

लोरेन्सिता आत्यानं एक दिवस मिरचीचा रस्सा वाढता वाढता विचारलं, खिशात काय आहे. त्यानं मला टेबलावर ठेवलं. तिचा हात तसाच थांबला.

"कुणाच्या घरातून उचललंस?"

"दादाची आठवण आहे."

"दादा तुझा. खापरी तुझी नाही." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "चौथ्या दिवशी आपण त्याच्या जीवाला पुढच्या वाटेला लावलं. तू असा मागून त्याचा शर्ट धरून बसलास तर तो जाणार कसा?"

तो ताट सरकवून उठला. मला मात्र विसरला नाही.

मग पानगळीत तो दिवस आला. या जागेला संरक्षण मिळून शंभर वर्षं झाली म्हणून मांडव, खुर्च्या, केक. साहेबांनी सिप्रियानोच्या नावाचा पितळी फलक आणला होता, त्यानंच सांधलेल्या भिंतीत बसवायला. चार शब्द बोलायला फाउस्तीनला उभं केलं. खिशात त्याचा अंगठा माझ्या ठशावर होता.

"मला भाषण येत नाही," तो म्हणाला. "दादालाही येत नव्हतं, पण तो थांबायचा नाही."

गावची माणसं हसली. तेवढ्यात त्यानं मला बाहेर काढलं.

"ही मी इथून चोरली. तुमच्या पाटीवर लिहिलंय, इथलं काही उचलणं गुन्हा आहे. तुमचं काय ते तुम्ही बघा, मला भीती आत्याची आहे." मग फलकाकडे बघून म्हणाला, "आणि ते भिंतीत ठोकू नका. पितळ टिकेल, आणि तुम्हाला वाटेल झालं काम. त्याची आठवण काढायची तर गारा कालवा."

तो मांडवातून सरळ भिंतीकडे आला. मागून आत्या आली. तिनं त्याच्या तळहातावर पीठ ठेवलं. पीठ टाकून त्यानं मला खाली ठेवलं. जागा वीतभर चुकली. ठसा मातीत, पाठ वर. हात मागे घ्यायला त्याला फार वेळ लागला.

फलक परत गेला. हिवाळा झाला, बर्फ वितळलं. आता माझ्या या उत्तरेकडच्या भिंतीचा गारा सुटून माझ्यावर कणाकणानं पडतोय. सिप्रियानोची थापी ढकलगाडीत होती तशीच आहे. मला सारखी पावलं ऐकू येतात, आणि ती पाहुण्यांचीच निघतात.

तुम्ही कधी इथं आलात तर मला उचलू नका, सुलटीही करू नका. खाली गावात फाउस्तीन भेटला तर एवढंच सांगा, उत्तरेकडची भिंत सुटायला लागलीय.