डोहाळजेवणाची होडी

मित्रांनो, मी होडी आहे, पण जाळ्यात मासे कसे लागतात ते मला विचारू नका. माझ्या वयाच्या होड्या खाडीत उतरल्या, वाऱ्याशी भांडल्या, कुठल्या कुठे जाऊन आल्या. मी मात्र हॉलमध्ये, गच्चीवर आणि सोसायट्यांच्या मंडपात दिवस काढले. माझ्यात बसल्या त्या फक्त सातवा-आठवा महिना लागलेल्या बायका. मी डोहाळजेवणाची होडी. आता जुनी झाले आहे, रंगाचे पोपडे निघतात, पण सांगण्यासारखं माझ्याजवळ पुष्कळ आहे.

माझा जन्म भाईंदरजवळच्या, खाडीकाठच्या मुर्धा गावातला. मला घडवलं राघोबाबांनी. ते पूर्वी मिठागरात कामाला होते. मिठागरं बंद झाली आणि त्यांच्या हातांना काम उरलं नाही. त्यांची सून सुगंधा, तारोडी गावची लेक, घरी बसून शोभेच्या वस्तू करायची. केळवणाच्या ताटाभोवती मांडायच्या महिरपी, नवरीच्या नावाच्या पाट्या, डोहाळजेवणाचे फुलांचे दागिने, बारशाच्या पाळण्यावरची झुंबरं. क्रेप कागद तिच्या बोटांत आला की त्याचं कमळ व्हायचं. एकदा एका गिऱ्हाइकाने होडीतलं डोहाळजेवण मागितलं. बाजारात भाड्याने मिळायच्या त्या थर्माकोलच्या होड्या, बसलं की करकरणाऱ्या. सुगंधा सासऱ्यांकडे गेली.

"बाबा, एक होडी कराल? खरी न्हाय, नुसती दिसायला."

"दिसायला म्हंजे?" राघोबाबा म्हणाले. "पोटुशी बाय बसणार ना तीत? मंग खरीच पायजे."

त्यांनी जुन्या दाराच्या फळ्या आणल्या, बांबू चिरले. कुणी बसताना मी डुगडुगू नये म्हणून माझा तळ रुंद ठेवला. पॉलिश पेपरने मला इतकं घासलं की कुणाच्या साडीचा धागासुद्धा अडकू नये. मग सुगंधा माझ्यापाशी बसली. तिने कडेने कमळं लावली, मोत्यांच्या माळा सोडल्या. शिडासाठी कापड हवं होतं. तिची सासू रखमाबाई आधी कुरकुरली आणि मग तिनेच पेटीतली आपली हिरवी साडी काढून दिली. "नेसवत न्हाय आता. फाडू नको फक्त, टाके घाल," एवढंच ती म्हणाली.

पुढची काही वर्षं माझी फार सुखाची गेली. सुगंधाचा नवरा ईश्वर टेम्पो चालवायचा. तो मला गोधडीत गुंडाळून न्यायचा. कुठे सिल्व्हर पार्कमधल्या सोसायटीचा हॉल, कुठे भाईंदरचं एखादं गुजराती घर. मराठी घरात डोहाळजेवण, गुजराती घरात सीमंत, उत्तरेकडच्यांची गोदभराई. नावं निराळी, पण पोटावर हात ठेवून माझ्यात बसणारी बाई सगळीकडे तशीच लाजायची. "भाभी, ये नाव आपने घर में बनाया?" असं कुणी विचारलं की सुगंधा म्हणायची, "हां, ससुरजी ने बनाया, मैंने सजाया." तेव्हा माझी छाती फुगायची.

एक गोष्ट मात्र मला दर वेळी टोचायची. सुगंधाला मूल नव्हतं. दवाखाने झाले, नवस झाले, मग त्या घरात तो विषयच बंद झाला. कार्यक्रमात ओटी भरायची वेळ आली, बायका पुढे सरकू लागल्या की सुगंधा "पिना राहिल्या वाटतं टेम्पोत" असं पुटपुटत बाहेर निघून जायची. तिला जा असं कुणी म्हणालं नव्हतं. पण थांब असंही कधी कुणी म्हणालं नाही.

मग संचिता आली. मूळची रत्नागिरीकडची, लग्न होऊन सिल्व्हर पार्कात आलेली. हसरी, बडबडी मुलगी. माझ्यात बसल्या बसल्या तिने पदराआड लपवून एक करंजी फस्त केली आणि सासूने, मंदाताईंनी, ती चोरी पाहूनही न पाहिल्यासारखं केलं. मंदाताईंचा आनंद त्या दिवशी त्या हॉलमध्ये मावत नव्हता. कार्यक्रम संपत आला तेव्हा संचिताने सुगंधाला हाक मारली.

"ताई, तुम्ही कुठे पळताय? या ना. एक फोटो आपला दोघींचा."

सुगंधा संकोचत माझ्या कडेला टेकली. संचिताने तिचा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. "लाथ मारतोय बघा. तुमची होडी आवडलीय त्याला."

फोटो सुगंधाच्या मोबाइलवर निघाला. त्यानंतर महिन्याभरातच संचिताचं बाळ पोटातच गेलं.

मला हे कसं कळलं ते सांगते. मी पडवीत होते. सुगंधा माझ्यावर नवी कमळं चिकटवत होती. हात डिंकाने भरलेले, म्हणून तिने फोन स्पीकरवर लावला. पुढच्या आठवड्यातल्या कार्यक्रमाची बाई बोलत होती.

"सुगंधा, वाईट वाटून घेऊ नकोस. पण आमच्या सासूबाई नको म्हणतायत. ते सिल्व्हर पार्कमधलं कळलं ना तुला? मंदाताई सगळ्यांना सांगतायत की होडीत बसवायलाच नको होतं. करणारीच्याच पदरात काही नाही, मग दुसरीच्या कसं राहील, असं म्हणतायत. माझा नाही गं विश्वास. पण मोठ्यांचं मन मोडवत नाही."

"बरं," सुगंधा म्हणाली. हातातलं कमळ तिने चिकटवलं नाही. ते तिच्या बोटांना तसंच चिकटून राहिलं.

मग एकेक करून बाकीच्या कार्यक्रमांनाही नकार आले. कुणी गावाला निघालं होतं, कुणाचा बेत साधाच ठरला होता. सगळे गोड बोलले. मला त्या गोड बोलण्याचीच भीती वाटायची. सुगंधाने कात्री, रिबिनी, कागद सगळं पेटीत घातलं आणि स्टीलच्या भांड्यांच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायला लागली. मला मागच्या अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी ठेवलं. कोंबड्यांना मी आवडले. त्या माझ्यात अंडी घालू लागल्या. राघोबाबा येता-जाता माझ्यावर हात फिरवायचे.

मित्रांनो, सगळ्यात वाईट काय झालं असेल, तर सुगंधालाही ते खरं वाटू लागलं. एकदा रखमाबाईने विचारलं, "होडी भिजते हाय, आत घेऊ का?" तेव्हा सुगंधा म्हणाली, "नको आई. आत नको तिला." अपशकुनी म्हणून ज्यांनी नावं ठेवली ते परके होते. पण ज्या हातांनी मला सजवलं, त्याच हातांनी मला बाहेर ठेवलं, तेव्हा मला माझीच शंका आली.

होळी आली. गावातली पोरं दारोदार लाकडं मागत होती. मागच्या अंगणात त्यांना मी दिसले.

"काकी, ही नेऊ का?"

"न्या," सुगंधा म्हणाली. राघोबाबांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. मी जड होते. पोरं हातगाडी आणायला गेली.

त्या दुपारी सुगंधा माझ्यापाशी आली. मला वाटलं, अंडी काढायला आली असेल. तिने अंडी काढली, पेंढा झाडला, ओल्या फडक्याने मला आतून पुसलं. जळायला निघालेल्या वस्तूला कुणी पुसतं का? मग तिने इकडेतिकडे पाहिलं, पदर सावरला आणि ती माझ्यात बसली. इतकी वर्षं तिने मला सजवलं, पण ती स्वतः कधी माझ्यात बसली नव्हती. तिने दोन्ही हात मांडीवर ठेवले, ओंजळ केली. ओटी घेताना बायका करतात तशी. माझ्यात बसून पुष्कळ बायका रडल्या होत्या, पण ते रडणं हसण्यातून आलेलं असायचं. असं रडणं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"सुगंधाताई?"

मागच्या दाराशी संचिता उभी होती. वाळलेली, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. सुगंधा घाईघाईने उठायला लागली.

"बसा, बसा. उठू नका," संचिता म्हणाली. ती पुढे आली आणि माझ्या कडेवर टेकली. "ताई, एक मागायला आलेय. त्या दिवशी आपला फोटो काढला होता. तो आहे का हो?"

सुगंधाने पदराने डोळे पुसले.

"घरच्यांनी माझ्या मोबाइलमधले सगळे पुसून टाकले," संचिता म्हणाली. "मला त्रास होऊ नये म्हणून. त्यांचंही बरोबरच असेल. पण माझ्याकडे त्याचं काहीच नाही राहिलं."

"हाय," सुगंधा म्हणाली. "पुसला नाही मी. बघवत नव्हता, पण पुसवलाही नाही."

तिने मोबाइल पुढे केला. संचिता त्या फोटोकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिने बोटाने पडद्यावरच्या आपल्याच पोटाला हात लावला.

"संचिता, लोक म्हणतात माझ्या हातामुळेच..."

"लोक नाही, माझ्या सासूबाई म्हणतात. माहितीय मला." संचिताचा आवाज चढला नाही. "डॉक्टरांनी सांगितलं, नाळेला गाठ बसली होती. कुणाच्याच हातात काही नव्हतं. पण आईंना कुणावर तरी राग काढायचा होता. माझ्यावर काढवेना त्यांना, म्हणून तुमच्यावर काढला. मी तेव्हा बोलायच्या अवस्थेतच नव्हते. आता बोलतेय मी घरात. त्यांना पटतंय की नाही, देव जाणे."

तिने तो फोटो आपल्या मोबाइलवर पाठवून घेतला.

"ताई, माझं बाळ जन्माला येऊन रडलं नाही. त्याचं बारसं नाही, काही नाही. त्याच्या वाट्याला तो एकच सण आला. सगळी माणसं त्याच्यासाठी गोळा झाली, गाणी झाली. आणि तो सण तुम्ही केलात. मी कशी म्हणू ह्या होडीला अपशकुनी?"

दोघी एकमेकींना धरून बसल्या. माझ्या फळ्यांवर दोघींचा भार होता आणि तो मला जड वाटला नाही.

तेवढ्यात पोरं हातगाडी घेऊन आली. सुगंधा उठायच्या आतच रखमाबाई घरातून बाहेर आली. ती सगळं ऐकत होती की काय, कोण जाणे.

"ती मोडकी खाट न्या," ती पोरांना म्हणाली. "होडीला हात लावायचा न्हाय कुणी."

"पण काकी तर हो म्हणाली होती..."

"काकीला इचारलं, मला इचारलं का? साडी माझी हाय तिच्यावर."

राघोबाबा पडवीत बसून हसले. फार दिवसांनी.

लगेच सगळं चांगलं झालं, असं समजू नका. मंदाताई कधी आल्या नाहीत. सिल्व्हर पार्कमधून बरेच दिवस एकही फोन आला नाही. सुगंधा कारखान्यात जातच राहिली. पण रविवारी तिने पेटी उघडली. आधी शेजारच्या एका मुलीच्या केळवणासाठी कागदी मोगऱ्याची महिरप केली. मग एक दिवस भाविका आली. भाविका गुजराती, लग्न करून मुर्ध्यात आलेली, राघोबाबांच्या घरापासून चार दारं पलीकडे राहणारी. पोट चांगलंच दिसायला लागलं होतं.

"सुगंधाभाभी, मेरेको होडीच चाहिये."

"तुला ठाऊक नाही का लोक काय म्हणतात?"

"सब मालूम है. मेरी मम्मी भी बोली, मत बैठ. मैं बोली, मम्मी, मुर्ध्यात राहते मी, होडीला घाबरू?"

राघोबाबांनी मला पुन्हा घासलं. ओलीने कुजलेली एक फळी बदलली. सुगंधाने नवी कमळं केली, आणि मी इतक्या दिवसांनी अंगणातच, मांडवाखाली, पुन्हा सजले. गाव जमलं. ओटीची वेळ झाली तेव्हा रखमाबाईने सगळ्यांदेखत सुनेच्या हातात सूप दिलं.

"सुगंधा, पयली तू भर."

सुगंधाने सुपातल्या तांदळांकडे पाहिलं, मग सासूकडे.

"पहिली नको, आई," ती म्हणाली. "पहिली तिच्या आईची. माझा नंबर येईल तेव्हा भरते."

आणि ती सूप परत देऊन बायकांच्या ओळीत जाऊन उभी राहिली. दोघी-तिघींच्या मागे, एकीच्या पुढे. नंबर आल्यावर तिने भाविकाला कुंकू लावलं, नारळ ठेवला, ओंजळभर तांदूळ घातले. भाविका वाकून पाया पडायला लागली, तर सुगंधा म्हणाली, "वाकू नको गं, पोट दुखेल." आणि पुढची बाई पुढे आली.

मित्रांनो, जुन्या वस्तू सांभाळा, असं माझ्यासारख्या सगळ्याच म्हणतात. मीही म्हणते. पण मला त्याहून मोठं मागणं मागायचं आहे. एखाद्या घरात दुःख झालं, तर ते कुणामुळे झालं हे शोधत फिरू नका. लाकडात अपशकुन नसतो, कुणाच्या हातातही नसतो. तो तोंडातून निघतो आणि एखाद्या साध्या बाईच्या आयुष्यात जाऊन बसतो. त्यापेक्षा त्या दुःखी घरी जा. बोलायला सुचलं नाही तरी चालेल. जवळ बसा.