तेराशे बारा चुका

मी लोट्याच्या नाक्यावरचा, दमयंतीच्या टायपिंगच्या दुकानातला संगणक बोलतोय. आता दुकानात नाही. पण जे झालं ते माझ्यासमोर झालं, आणि बरंचसं माझ्या आत.

मला १९९९ साली चिपळूणच्या एका दुकानात सुटे भाग आणून जोडलं. दमयंतीने टाइपरायटर कोपऱ्यात सारला आणि माझ्यापुढे बसली. कारखान्यांतले कामगार पाळी सुटली की यायचे. कुणाला रजेचा अर्ज हवा, कुणाला दुबईच्या नोकरीसाठी बायोडाटा. दमयंती टाइप करताना प्रत्येक ओळ हळू आवाजात वाचायची. तिचा भाऊ विठू शेजारी झेरॉक्स काढायचा.

२००३ च्या मार्चमध्ये एका कारखान्यातला रिअ‍ॅक्टर, रसायनं तापवायची बंद टाकी, फुटला. आमच्या दुकानाच्या काचा रस्त्यावर जाऊन पडल्या, मी टेबलावर वीतभर सरकलो. रस्त्याने माणसं पळत आली. काहींच्या अंगावर कपडे उरले नव्हते, आणि काहींचं कातडंही. तिथलाच कामगार सदू, त्याचा धाकटा भाऊ रामा त्या रिअ‍ॅक्टरपाशीच होता. त्याची ओळख कमरेच्या पट्ट्यावरून पटवावी लागली. सदूने तिघांना ओढून बाहेर काढलं, त्यात त्याचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

कारखान्याने सांगितलं, कामगारांनी व्हॉल्व्ह उघडा ठेवला. म्हणजे मेलेल्या रामावरच ठपका. कामगार म्हणाले, दाबाचा काटा आठवडाभर बिघडलेला होता, साहेबांना दोनदा सांगितलं होतं. दमयंतीने अकरा जणांच्या जबान्या टाइप केल्या. नऊ दिवस लागले. सदू बोलता बोलता थांबायचा, भिंतीवर डोकं आपटायचा, परत बोलायचा. ते सगळं माझ्यात साठलं. शुक्रवारी तीन वाजता चिपळूणला चौकशी होती, तिथे या जबान्या छापून द्यायच्या होत्या.

मी तेव्हा मंदावलो होतो. विठूने एका मासिकाबरोबर आलेली सीडी माझ्यात घातली. पडद्यावर लाल चौकट आली: रजिस्ट्रीत तेराशे बारा चुका, संगणक धोक्यात! चुका शोधणं फुकट होतं, साफ करायला मात्र पूर्ण सॉफ्टवेअर विकत घ्यायचं. विठू घाबरला. रत्नागिरीला जाऊन नऊशे रुपयांना घेऊन आला.

रजिस्ट्री म्हणजे माझी आतली नोंदवही. कुठला प्रोग्रॅम कुठे ठेवलाय, कुणाला काय लागतं, ते मी तिथे पाहतो. जुन्या, काढून टाकलेल्या प्रोग्रॅमांची नावंही तिथे पडून असतात. ती मला कधी टोचली नव्हती.

शुक्रवारी सकाळी दमयंती छपाईचे कोरे कागद आणायला गेली आणि विठूने बटण दाबलं. तो परका प्रोग्रॅम माझ्या वहीत घुसला आणि पानं फाडत सुटला. मेलेली नावं गेली, त्यांच्याबरोबर जिवंतही. मग हिरवी खूण आली: सर्व ठीक! विठूने मराठी टायपिंगचा प्रोग्रॅम उघडून पाहिला, तो उघडेना. घाबरून त्याने सगळ्या चौकोनांवर खुणा केल्या आणि पुन्हा साफ केलं. मला बंद करून चालू केलं. पडदा काळा.

तेवढ्यात सदू आला, मागे चार-पाच कामगार. दमयंतीही कागद घेऊन पोचली.

"जबान्या दे," सदू म्हणाला.

"तो... तो चालू नाय होत," विठू पुटपुटला. "मी साफ करत होतो."

"साफ? आजच? कंपनीने किती दिले रे तुला?"

विठू उत्तर देईपर्यंत सदूच्या डाव्या हाताची मूठ त्याच्या तोंडावर बसली. दात पडला, रक्त माझ्या कीबोर्डवर उडालं. सदूने लोखंडी खुर्ची उचलून माझ्या पडद्यावर हाणली. बार उडाल्यासारखा आवाज झाला. एकाने मला लाथ घातली, पत्रा आत दबला. दुसरी लाथ यायच्या आत दमयंतीने मला मिठी मारली. ती लाथ तिच्या बरगडीवर बसली.

"मार, सदू!" ती ओरडली. "मला मार. पण याला हात लावू नकोस. तुझा रामा यात आहे!"

सदू मटकन खाली बसला.

खेडला कौसर संगणक दुरुस्त करायची. दमयंतीने मला रिक्षात मांडीवर घेतलं. सदू पुढे ड्रायव्हरशेजारी बसला. कौसरने मला उघडलं, डिस्क काढून आपल्या संगणकाला जोडली. वाट बघताना सदूचा श्वास मला ऐकू येत होता. मग पडद्यावर अकरा नावं उमटली.

"सगळं जागच्या जागी हाय," कौसर म्हणाली. "नोंदी फाटल्या, फाइली नाय. कुणी घाईने डिस्क फॉरमॅट केली असती तर मात्र गेलंच होतं."

"आणि त्या तेराशे चुका?" दमयंतीने विचारलं.

"कसल्या चुका गो? पडलेली जुनी नावं ती. तुझ्या एका फोटोएवढीही जागा खात नाय. त्या काढून संगणक पळायला लागलेला मी एकदाही बघितला नाय, बंद पडलेले मात्र चार बघितले. मंद झाला तर मेमरी वाढव, नको ते प्रोग्रॅम काढ. एखादी नोंद खरंच बिघडली तर तेवढीच सुधारायची, आणि आधी प्रत ठेवून. आकडा मोठा दाखवला की माणूस घाबरतो. घाबरला की विकत घेतो."

जबान्या छापून निघाल्या. सदूला उजव्या हाताने सही करता येईना, त्याने डावा अंगठा उठवला. तीनला पाच मिनिटं असताना कागद चिपळूणच्या टेबलावर होते. पुढचं मी कौसरच्या दुकानात ऐकलं: वर्षभराने चौकशीच्या अहवालात लिहून आलं की काटा बिघडलेला होता, रामाची चूक नव्हती. सदू तो कागद घेऊन विठूकडे आला. माफी मागायची होती, त्याने कागदच पुढे केला. विठूने त्याच्या दहा झेरॉक्स काढून दिल्या.

दमयंतीने नवा संगणक घेतला. माझी डिस्क तिच्या कपाटात आहे. उरलेला मी कौसरच्या फळीवर आहे, आणि आज ती माझा वीजपुरवठ्याचा डबा काढून दुसऱ्या संगणकाला बसवणार आहे. बसवू दे.

तुमच्या संगणकावर उद्या लाल आकडा आला तर घाबरू नका, पैसे देऊ नका. आधी तुमचं जे खरं मोलाचं आहे त्याची प्रत काढून बाजूला ठेवा. आमच्यासारखे संगणक पुष्कळ मिळतील. रामाची बाजू सांगणारे कागद तेवढेच होते.