ज्योत्स्नाच्या आवाजाची चोरी

मित्रांनो, चांदूर बाजारात देवमनच्या ऑटोवर बांधलेला, एका बाजूनं चेपलेला जुना भोंगा तुम्ही पाहिला असेल. तो मीच. आज माझं बोलणं कडू लागलं तरी ऐकून घ्या.

नवा होतो तेव्हा देवमननं मला अमरावतीच्या दुकानातून आणलं. पोलिओचे डोस, हरवलेली पोरं, सगळ्या पक्षांच्या सभा, सारं मी गावाला ओरडून सांगितलं. माझ्यातून थापा मारणारेही होते. पण बोलणारा ऑटोत बसलेला दिसायचा. लोक ऑटो अडवून त्याला जाब विचारायचे.

यंदा देवमनची सून ज्योत्स्ना नगरपरिषदेला उभी राहिली. वॉर्डातल्या नळाला गढूळ पाणी येतं, यासाठी ती कधीपासून भांडत होती. प्रचाराची मुदत संपली, तशी देवमननं नियमाप्रमाणे माझी वायर काढली.

मतदानाच्या आदल्या दिवशी घरोघरी मोबाइलवर ज्योत्स्नाचा आवाज वाजू लागला. "मी माघार घेतली आहे. मला मत देऊ नका." कुणीतरी मशीनवर तिचा आवाज हुबेहूब बनवला होता.

देवमन वायर घेऊन माझ्याकडे धावला. ज्योत्स्नानं त्याचा हात धरला.

"नाही, मामाजी. आता भोंगा लावता येत नाही."

"नियम आपल्यालेच हाय काय? त्याइले नाही?"

मी वर मुका बसून होतो. संतापानं माझा पत्रा तापला होता.

ज्योत्स्नानं तक्रार दिली आणि पायी दारोदार निघाली. प्रचारात तिचा घसा पार बसला होता. लोक म्हणाले, "बाई, तुमचा आवाज तर असा नाही. मोबाइलवरचाच खरा वाटते."

ती थोडक्या मतांनी पडली. आवाज कुणी बनवला, ते अजून कुणाला कळलं नाही.

निकालानंतर समोरची गंगूबाई हळहळायला आली. देवमनची बायको सुंदराबाई उंबऱ्यातच उभी राहिली.

"तुवा मत कोणाले देल्लं, गंगू?"

"काय करू बाई, मोबाइलात तिचाच आवाज होता. मी तर साऱ्याइले पाठवला."

"आमचं दार तुह्या दारासमोर हाय. एक डाव विचाराले काहून नाही आली?"

गंगूबाई खाली मान घालून परत गेली.

मित्रांनो, मला भंगारात टाका, माझी तक्रार नाही. पण कुणाचा आवाज पुढं पाठवण्याआधी त्या माणसाला एकदा विचारा. ज्योत्स्नाच्या वॉर्डात आजही नळाला गढूळच पाणी येतं, आणि गंगूबाईही तेच पिते.