नर्सबाईच्या कुंपणावर

तांबी बसवून सिंधुबाईला पाच महिने झाले. या पाच महिन्यांत अंगावरून जाणं काही थांबलं नाही. पोटात अशी कळ यायची, की द्राक्षाच्या बागेत काम करता करता ती वेलाखालीच बसायची.

घरात सासूचा, साळूबाईचा, वेगळा ताप. "पुन्हा शिवला कावळा? दावणीला बांधलाय का त्याला?" म्हणत ती ताटली बाहेरच्या ओट्यावर सरकवायची. महिन्यातले वीस दिवस पोरं आत, सिंधुबाई बाहेर.

ती गावच्या उपकेंद्रात तीनदा जाऊन आली.

"उष्णता झालीय, सब्जा पी," नर्सबाई म्हणायची. तिसऱ्यांदा तर तोंडावरच बोलली, "आत्ता काढली तर माझ्या टार्गेटातली एक केस जाईल. मार्चपर्यंत दम धर."

परतताना सिंधुबाई चक्कर येऊन रस्त्यातच पडली. उठली तेव्हा डोळ्यात पाणी नव्हतं, नुसता जाळ होता. आता हिला सोडायची नाय.

फेब्रुवारीत तालुक्याचे साहेब तपासणीला यायचे होते. नर्सबाईनं भिंतींना चुना मारून घेतला होता. त्या सकाळी सिंधुबाईनं आपली सगळी फडकी धुतली. एरवी ती लुगड्याच्या आड वाळायची, घरच्या गड्यालाही दिसायची नाहीत. आज टोपली डोक्यावर घेतली.

नवरा आडवा आला. "लाज हाय का नाय?"

"पाच महिने तुमाला माजी दया आली नाय, आता लाज बरी आली!"

उपकेंद्राच्या काटेरी तारेवर तिनं एकेक फडकं पसरलं. डाग काही गेले नव्हते. जीप थांबली, साहेब उतरले आणि आकाशाकडे बघू लागले. नर्सबाई धावत आली, तशी सिंधुबाईनं तिचं मनगट धरलं.

"हात नका लावू, बाई. तुमचीच केस हाय. साहेबांना मोजू द्या."

साहेबांसोबत डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी सिंधुबाईची पापणी खाली ओढून बघितली. आत रक्ताचा टिपूस नाही. तिला आत नेलं, तांबी काढली, रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. मग रजिस्टर उघडलं आणि सगळ्यांसमोर वाचलं, "तक्रार नाही? पाच महिने तक्रार नाही?"

नर्सबाईचा चेहरा भिंतीसारखा पांढरा.

जीप गेल्यावर नर्सबाई दारात आली. सिंधुबाई बाहेर पायरीवर बसली होती. "सिंधू, काढ गं आता ती फडकी. बाया जमल्यात. मी बाहेर कशी जाऊ?"

सिंधुबाईनं पाय पसरले, भिंतीला पाठ टेकली.

"नका जाऊ. मी पाच महिने बाहेर बसले, तुमी एक दिवस आत बसा."