जिन्यातले थांबे

सत्यशीलावहिनींचं पत्र माझ्या शब्दकोशात पडून होतं. रोज उत्तर लिहायला बसायचो, ‘सप्रेम नमस्कार’ लिहायचो आणि तिथेच अडायचो.

वहिनी म्हणजे माझा मित्र गोपाळकृष्ण याची बायको. तो गेल्यावर त्या हिंजवडीला मुलाकडे राहायला गेल्या. तिथल्या घरमालकाला कुत्रं चालत नव्हतं, म्हणून त्यांचा सुभेदार माझ्याकडे आला. रस्त्यावरचंच तांबूस पिल्लू गोपाळकृष्णानं वाढवलेलं. पण ऐट अशी, की दुसरं नाव शोभलं नसतं. पत्रात वहिनींनी लिहिलं होतं, ‘भावजी, सुभेदार जड होत असेल तर संकोच न करता कळवा. खडकवासल्याच्या बाजूला ओळखीचे एक शेतकरी आहेत, त्यांना राखणीला कुत्रा हवाय. दिवाळीपर्यंत त्यांना सांगायचं आहे.’

संकोच न करता, हे त्यांनी मला लिहिलं होतं.

सुभेदार जड होत होता, हे खरं. पट्टा अडकवायला गेलं की गुरगुरायचा. पाठीला हात लागला की मान वळवून दात दाखवायचा. तळमजल्यावरच्या मालनबाईंनी एकदा कौतुकानं त्याच्या कमरेवर थोपटलं, तर त्यानं त्यांच्या पदराचा काठच फाडला.

“अहो आप्पा,” त्या म्हणाल्या, “सुभेदारांची पेन्शन अडकलीय का कुठे? पदर आमचा कशाला ओढतात?”

मला वाटायचं, दोष माझाच आहे. गोपाळकृष्णाचा आवाज चौकात ऐकू जायचा. मी आयुष्यभर छापखान्यात मुद्रितं तपासली. माणसांकडे बघायची सवय नाही, तिथे कुत्र्याचं काय? वाचनालयातून एक पुस्तक आणलं. आवाजात जरब हवी, असं त्यात होतं. म्हणून एका सकाळी मी सुभेदाराला म्हणालो, “बस.”

सून राजनंदिनी स्वयंपाकघरातून डोकावली. “मला म्हणालात का, बाबा? मी बसले तर पोळ्या कोण करणार?”

सुभेदार उठून गॅलरीत निघून गेला.

“त्याला शेतावर बरं वाटेल,” ती जरा वेळानं म्हणाली. “मोकळं रान, पळायला जागा.”

“हो,” मी म्हणालो. माझ्या ‘हो’चा अर्थ बहुतेक वेळा ‘मला माहीत नाही’ असाच असतो. मला तर सुभेदार जायला नको होता. रात्री मी वाचत असलो की तो खोलीच्या दारात येऊन पडायचा, तेवढी तरी सोबत होती.

आमची इमारत तीन मजली, लिफ्ट नाही, आणि आम्ही अगदी वर. पावसाळ्यापासून माझा गुडघा दुखत होता. घरात सांगितलं असतं तर मुलानं लगेच ऑपरेशनचं काढलं असतं. म्हणून मी जिन्यात थांबायचो आणि लोकांच्या दारावरच्या पाट्या वाचायचो. वाचणाऱ्या माणसाला ‘काय होतंय?’ असं कोणी विचारत नाही. दुसऱ्या मजल्यावरची ‘बेल एकदाच वाजवावी, आम्ही बहिरे नाही’ ही पाटी मला पाठ झाली होती.

एका सकाळी फिरून येताना मी ती पुन्हा वाचत होतो. सुभेदार तिथल्या तुळशीच्या कुंडीला नाक लावून उभा होता. रोजचीच कुंडी. सहज खाली पाहिलं, तर त्याच्या नाकपुड्या हलत नव्हत्या. तो हुंगत नव्हताच. सगळा भार पुढच्या पायांवर टाकून तो नुसता उभा होता. मागचा उजवा पंजा जेमतेम जमिनीला टेकलेला. मी निघालो तसा त्याचाही वास घेऊन झाला.

हा पाटी वाचतोय, माझ्या मनात आलं.

एरवी जिना चढताना माझं लक्ष माझ्याच पायांकडे असतं. त्या दिवशी त्याला पुढे जाऊ दिलं. मागचे दोन्ही पाय जुळवून तो एकेक पायरी सशासारखा उडी मारून चढत होता. इमारतीतली मुलं त्याला यावरून ससोबा म्हणायची. मलाही ते गोड वाटत आलं होतं. घरात शिरल्यावर पाण्याकडे वळताना त्यानं डावीकडून मोठा वळसा घेतला. मग बसला, तोही एक पाय बाजूला पसरून.

चहाच्या वेळी मी म्हणालो, “सुभेदाराचं काहीतरी दुखत असावं. मला नक्की सांगता येणार नाही.”

“कशावरून?” राजनंदिनीनं विचारलं.

मी चहा बशीत ओतला. “मीही तसाच थांबतो, जिन्यात.”

तिनं कप खाली ठेवला. “म्हणजे गुडघा दुखतोय तुमचा.”

“थोडासा.”

“तरीच रोज माझ्या आमटीला नावं ठेवत होतात. मला वाटलं माझा हातच बिघडला.”

रविवारी तिनं आम्हाला गाडीतून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर वैष्णवी तरुण होत्या. त्यांनी सुभेदाराला हात लावला नाही. “आधी चालू दे, मग हात लावू,” म्हणाल्या. अंगणात मी त्याला नेत होतो, आणत होतो, वळवत होतो, आणि त्या पायरीवर बसून बघत होत्या. मग एक्स-रे झाला. कमरेच्या मणक्यात आणि उजव्या खुब्यात झीज होती.

“चिडका नाहीये हो हा,” त्या म्हणाल्या. “दुखेल म्हणून आधीच बजावतो. पट्टा कसा अडकवता तुम्ही?”

मी करून दाखवलं. खाली वाकलो, पट्टा अडकवला आणि उठताना हात टेकला, सुभेदाराच्या पाठीवर. तो गुरगुरला.

“बाबा,” राजनंदिनी म्हणाली आणि तिनं माझ्या हाताकडे बोट दाखवलं.

औषधं सुरू झाली. छातीवरून बांधायचा पट्टा आला, गुळगुळीत फरशीवर चटया आल्या. उरला प्रश्न जिन्याचा. चढउतार कमी करायला सांगितली होती. मालनबाईंना सगळं कळल्यावर त्या म्हणाल्या, “दिवसभर राहू द्या त्याला माझ्या गॅलरीत. पदर खोचून ठेवीन मी. तुम्हीही बसा हवं तर, फक्त पुस्तक वाचून दाखवू नका.”

आता सकाळी आम्ही उतरतो आणि संध्याकाळीच चढतो, सावकाश. मी पट्टा खुर्चीत बसून अडकवतो आणि उठताना भिंत धरतो. हळूहळू गुरगुर कमी झाली. परवा मालनबाईंच्या गॅलरीत मी वाचत बसलो होतो, तेव्हा तो आपणहून आला आणि हनुवटी माझ्या मांडीवर ठेवून उभा राहिला. बराच वेळ मी पान उलटलं नाही.

संध्याकाळी ‘सप्रेम नमस्कार’च्या पुढे लिहिलं: ‘सुभेदार जड नाही. त्याची कंबर दुखत होती, मला उशिरा कळलं. औषधानं उतार आहे. शेतकऱ्यांना कृपया नाही म्हणून कळवा. त्याला माझ्याकडेच राहू द्यावं, अशी माझी इच्छा आहे. तुम्ही भेटायला या. पाठीवर मात्र थोपटू नका, छातीखाली खाजवलेलं त्याला आवडतं.’

‘अशी माझी इच्छा आहे’ हे फार झालं का, म्हणून तेवढं वाक्य खोडावंसं वाटलं. खोडलं नाही.

आज सकाळी आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चालत गेलो. पाकीट हातात धरून मी पेटीवरच्या वेळा वाचू लागलो. सुभेदारानं वर पाहिलं. मग तो पेटीचा खांब हुंगू लागला, आणि या वेळी खरोखर हुंगत होता. मी पाकीट आत सोडलं.